देशकालाचा उच्चार

परदेशी नोकरीस निघालेल्या तरुणाची तयारी आज कशास म्हणतात हे पाहावयाचे असेल, तर त्याचे दप्तर उघडून पाहावे. पारपत्र, जन्माचा दाखला, पोलीस ठाण्याने दिलेला चारित्र्याचा दाखला, पदवीच्या मूळ प्रतीवर प्रथम राज्य शासनाचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा आणि देशपरत्वे त्या त्या वकिलातीचा शिक्का, नोकरीचा करारनामा, वैद्यकीय तपासणीचा अहवाल आणि घरच्या मालमत्तेपुरते भावाच्या किंवा वडिलांच्या नावे करून दिलेले मुखत्यारपत्र, इतका सरंजाम त्यात व्यवस्थित लावून ठेवलेला आढळतो. 2024 साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केल्यापासून कित्येकांच्या दप्तरात जर्मन भाषेच्या परीक्षेच्या प्रमाणपत्राचीही भर पडली आहे. आणि जो दहावी उत्तीर्ण झालेला नाही व आखाताच्या वाटेने निघाला आहे, त्याला 1983 च्या उत्प्रवास कायद्यान्वये संरक्षक अधिकाऱ्याचा परवाना आणि अपघाती मृत्यूस 10 लाख रुपयांची हमी देणारा विमा या दोन गोष्टी आणखी मिळवाव्या लागतात. ही सर्व तयारी आवश्यक आहे. तिच्यातील एक कागद उणा पडला तरी माणूस विमानतळावरून परत फिरतो, आणि वर्षानुवर्षांच्या कर्जावर उभे राहिलेले घर त्या एका कागदापायी बसते. परंतु इतक्या कचेऱ्यांतून फिरलेल्या या माणसाला, तू जाणार आहेस त्या भूमीशी तुझे नाते कोणते राहील आणि सोडून चाललास त्या भूमीशी कोणते उरेल, हा प्रश्न एकाही कचेरीत विचारला जात नाही. तो विचारणे कचेरीचे कामही नव्हे. पण तो घरात विचारला जात नाही, देवळात विचारला जात नाही आणि जाणाऱ्याच्या स्वतःच्या मनातही पहिल्या हिवाळ्यापर्यंत उमटत नाही, याची मात्र मला फार काळजी वाटते.

एके काळी आपल्याकडे हा प्रश्न विचारला जात असे, आणि फार कठोरपणे विचारला जात असे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला बोलावू नये अशा ब्राह्मणांची जी लांबलचक गणना आहे, तीत घर पेटविणारा आणि विष घालणारा यांच्या पंक्तीला समुद्रयात्रा करणारा बसविला आहे. बौधायन धर्मसूत्राने समुद्रगमन हे पातित्य आणणाऱ्या कर्मांत गणून त्याला तीन वर्षांचे प्रायश्चित्त सांगितले: दर चौथ्या भोजनसमयीच जेवावे, त्रिकाळ स्नान करावे, दिवसा उभे राहावे आणि रात्र बसून काढावी. कलिवर्ज्य प्रकरणाने याच्याही पुढे जाऊन, प्रायश्चित्ताने शुद्ध झालेल्या द्विजालाही व्यवहारात घेऊ नये असा निर्वाळा दिला. या निषेधाने आपल्या समाजाचे अतोनात नुकसान केले, शेकडो होतकरू माणसांची उमेद मारली आणि परतलेल्यांना स्वतःच्याच घरच्या ओसरीवर परके केले, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. तो सार्वत्रिक पाळलाही गेला नाही. खुद्द बौधायनच समुद्रयान हा उत्तरेकडील लोकांचा आचार म्हणून नोंदवितो, आणि भारतातून गेलेले ब्राह्मण व त्यांची विद्या आग्नेय आशियातील कंबुज आणि चंपा येथील राजदरबारांत शतकानुशतके मान पावत होती, हे तेथील संस्कृत शिलालेखच सांगतात. तथापि निषेध चुकीचा होता एवढ्यावरून त्याच्या पोटातील प्रश्नही खोटा ठरत नाही. धर्म हा माणसाच्या मनात एकटाच राहत नाही. तो कुठल्यातरी भूमीवर, कुणातरी माणसांच्या मध्ये, एखाद्या विशिष्ट अग्नीपुढे आणि विशिष्ट नदीच्या पाण्याने आचरला जातो, आणि म्हणून भूमी बदलली की आचरणाचा कोणता भाग बरोबर येतो व कोणता मागे राहतो याचा निवाडा करणे भाग पडते, एवढे त्या निषेधकर्त्यांनी ओळखले होते. निवाडा कठीण म्हणून त्यांनी दारच बंद केले. आपण दार सताड उघडले आणि निवाडा करण्याचे सोडून दिले.

एकोणिसाव्या शतकात ज्यांनी ते दार प्रथम लोटले, त्यांना या निवाड्यातून सुटका नव्हती. 1888 साली मोहनदास गांधी विलायतेस निघाले तेव्हा मुंबईत त्यांच्या ज्ञातीने त्यांना बहिष्कृत केले, त्यांना निरोप देण्यास धक्क्यावर जाणाऱ्यास सव्वा रुपया दंड ठरविला, आणि त्यांच्या आईने मद्य, मांस व परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ एका जैन साधूसमक्ष घेववून मगच संमती दिली. 1891 साली ते परतले, तेव्हा राजकोटला जाण्यापूर्वी वडील बंधूंनी त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घातले. जाताना शपथ आणि येताना स्नान, या दोन टोकांच्या मध्ये त्या काळातील परदेशगमनाची संपूर्ण धार्मिक सिद्धता मावत असे.

परंतु या प्रश्नाला सर्वांत मोकळेपणाने सामोरी गेली ती अवघी सतरा वर्षांची एक मराठी स्त्री. 24 फेब्रुवारी 1883 रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या दिवाणखान्यात आनंदीबाई जोशी यांनी इंग्रजीत जे भाषण केले, त्यात आपण अमेरिकेस का जातो, येथेच का शिकत नाही, एकटीच का जाते, परतल्यावर जातिबहिष्कृत होणार नाही काय, संकट आले तर काय करणार, हे लोकांच्या तोंडचे सारे आक्षेप त्यांनी एकामागून एक स्वतःच मांडून स्वतःच त्यांना उत्तरे दिली. बहिष्काराच्या प्रश्नाला त्यांचे उत्तर असे होते की, आपला आहार, वेष आणि आचार येथे आहे तसाच तेथे राखण्याचा आपला निश्चय आहे, मग बहिष्काराचे कारणच कोठे उरते? हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी त्या सभेला सांगितले. 7 एप्रिल रोजी त्यांनी कलकत्त्याहून प्रस्थान ठेवले, 4 जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या, आणि 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. वचन त्यांनी पाळले. त्या शाकाहारी राहिल्या, लुगडे नेसत राहिल्या, आणि प्रबंधाचा विषयही आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच निवडला.

आनंदीबाईंच्या या वचनाचा विचार मी जसजसा करतो, तसतसे त्याचे दोन अंश मला वेगळे दिसू लागतात. एक अंश निष्ठेचा आहे, आणि त्यापुढे मस्तक नम्र होते. दुसरा अंश असा की, येथले जीवन यत्किंचितही न बदलता तेथे नेता येईल, आणि तेथील भूमी आपल्याकडून काही मागणार नाही व आपल्याला काही देणारही नाही. हा दुसरा अंश खरा ठरणे शक्यच नव्हते. पेनसिल्व्हेनियाच्या हिवाळ्याने त्यांच्या देहाकडून फार मोठे मोल घेतले. उलट अमेरिकेतच थिओडिसिया कार्पेंटर या बाईंनी, ज्यांची ओळख केवळ पत्रांतून झाली होती, त्यांना स्वतःच्या घरात ठेवून घेतले आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात आनंदीबाईंचे देहावसान झाल्यावर त्यांचे पती गोपाळराव यांनी त्यांची रक्षा त्याच कार्पेंटरबाईंकडे पाठविली, आणि ती न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आली. तेथील दगडावर, शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असा त्यांचा निर्देश आहे. हिंदू म्हणून गेलेली आणि हिंदू म्हणून परतलेली ही स्त्री अखेरीस त्या परक्या भूमीचीही झाली, आणि तसे होताना तिच्या हिंदुत्वाला कोणतीच बाधा आली नाही. श्रीरामपूरच्या सभेत ही शक्यता कोणाच्याच मनात नव्हती. आक्षेप घेणाऱ्यांच्या नव्हती आणि उत्तर देणारीच्याही नव्हती. कमी बदलणे हीच पवित्रता, असे दोन्ही पक्ष धरून चालले होते.

या गृहीताविरुद्ध पुरावा मात्र आपल्या नित्यकर्मातच पडून आहे. कोणत्याही पूजेच्या आरंभी यजमान हातात पाणी घेऊन संकल्प सोडतो, आणि देवाचे नाव घेण्यापूर्वी आपण कोठे आणि केव्हा बसलो आहोत हे सांगतो: कल्प, मन्वंतर, युग, मग द्वीप, वर्ष, खंड, मग दंडकारण्य, मग गोदावरीचा किंवा कृष्णेचा तीर, मग शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. विश्वाच्या अफाट विस्तारातून उतरत उतरत तो स्वतःच्या पाटापर्यंत येतो. संकल्पातला हा उच्चार खरा असावा लागतो. शिकागोत राहणाऱ्या मनुष्याने गोदावरीच्या दक्षिण तीराचा उच्चार केला तर त्याने पूजेच्या पहिल्याच वाक्यात असत्य सांगितले, आणि म्हणूनच अमेरिकेतील अनेक पुरोहित जंबुद्वीपाऐवजी क्रौंचद्वीपाचे नाव घेतात व जवळच्या नदीचा निर्देश करतात. तिथीचेही तसेच आहे. तिथी संपते ती साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी. परंतु एकादशी ठरते ती सूर्योदयावरून, आणि शिकागोचा सूर्य पुण्याच्या सूर्यानंतर ऋतुमानाप्रमाणे सुमारे दहा ते साडेअकरा तासांनी उगवतो, त्यामुळे घरून आणलेल्या दिनदर्शिकेवर भरवसा ठेवणारा तेथील गृहस्थ कित्येकदा भलत्याच दिवशी उपवास करतो. संकष्टीचा उपवास तर चंद्रोदयावर सुटतो, आणि तो चंद्र डोंबिवलीच्या खाडीवर उगवलेला चालत नाही. मिशिगन सरोवरावर उगवावा लागतो. जुन्या आचारानेच, तू जेथे आहेस तेथले आकाश पाहा, अशी आज्ञा केली आहे, आणि परदेशी जाणाऱ्याला मी जर एकच शास्त्रवचन द्यावयाचे ठरविले तर हेच देईन.

आकाश पाहणे मात्र सोपे आहे. ऋण मान्य करणे अवघड. तैत्तिरीय संहिता ब्राह्मणाला जन्मतः तीन ऋणे सांगते, देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मण त्यांत चौथे मिळविते, ते मनुष्यांचे, आणि ते निवारा व अन्न देऊन फिटते असे सांगते. परदेशी जाणारा पहिली तीन ऋणे आठवणीने नेतो. देव्हारा नेतो, मुलांसाठी मराठीची पुस्तके नेतो, आईवडिलांना पैसे पाठवितो. चौथे ऋण तो बहुधा नेत नाही, कारण ते नेण्याजोगे नसून तेथेच उत्पन्न होते. ज्या नगराच्या नळाचे पाणी तो पितो, ज्याच्या शाळेत त्याचे मूल शिकते, ज्याच्या इस्पितळात परकी परिचारिका रात्री त्याच्या उशाशी बसते, त्या नगराचा तो ऋणी होतो, मग तो तेथे दोन वर्षांच्या मुदतीने गेलेला असो वा जन्मभरासाठी. आम्ही केवळ कमावण्यासाठी आलो आहोत, आमचे सारे तिकडे आहे, असे म्हणणारा मनुष्य देशाभिमानी दिसतो. पण माझ्या दृष्टीने तो घेणे चालू ठेवून देणे नाकारीत आहे.

या बाबतीत यहुदी परंपरेने जितका खोल विचार केला तितका दुसऱ्या कोणी क्वचितच केला असेल. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आरंभी जेरुसलेममधून बाबिलोनला धरून नेलेल्या आपल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने जे पत्र पाठविले, त्याचा आशय असा की, तेथे घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या कल्याणातच तुमचे कल्याण आहे. ते नगर शत्रूचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या उपदेशाचे धैर्य कळते. परत जाण्याची आशा यिर्मयाने सोडावयास सांगितली नाही; उलट तिचे वचनच दिले. आशा आणि बाग दोन्ही एकत्र बाळगावयास त्याने सांगितले.

त्या उपदेशाचा सर्वांत सुंदर प्रत्यय मला आपल्या कोकणात येतो. बेने इस्राएल मंडळींचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांनी तेलाचे घाणे चालविले, शनिवारी घाणा बंद ठेवला आणि गावाने त्यांना शनिवार तेली हे नाव दिले. पेण, नवगाव, केहिम या गावांची नावे त्यांनी आडनावे म्हणून घेतली, आणि मराठी ही घरात बोलण्याची भाषा झाली. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर एलियाहू संदेष्ट्याच्या रथाची खूण आहे असे ते मानतात आणि तेथे दर्शनास जातात. हा यहुदी धर्माचा संदेष्टा, आणि त्याच्या रथाने स्पर्श केला तो रायगड जिल्ह्यातील खडकाला! भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा ताटात मांडून ते त्याच्या नावाने प्रार्थना करतात. शनिवार त्यांनी बरोबर आणला, पण पोहे कोकणानेच दिले. 1948 नंतर यांतील बहुसंख्य इस्राएलला गेले, ज्या भूमीकडे तोंड करून पूर्वजांनी प्रार्थना केली त्या भूमीला गेले, आणि तेथेही काही वर्षे त्यांच्या यहुदीपणाविषयी शंका काढण्यात आली; 1964 साली तेथील शासनाने ती दूर केली. आज त्या देशात मलिदा मांडला जातो. म्हणजे पुण्यभूमीला पोहोचल्यावरही कोकणचे ऋण ते विसरले नाहीत. मॉरिशसला 1834 पासून गिरमिटावर नेलेल्या मजुरांच्या वंशजांनी 1972 साली तेथील एका सरोवरात गंगेचे पाणी ओतून त्याला गंगा तलाव म्हटले, आणि पिट्सबर्गच्या वेंकटेश्वर मंदिराच्या भक्तांनी आपल्या शहरातील अॅलेघेनी, मोनोंगहेला आणि एक भूमिगत प्रवाह यांच्या संगमात प्रयागची त्रिवेणी पाहिली, हीही त्याच जातीची उदाहरणे आहेत. परंतु पाणी पवित्र मानणे आणि शेजाऱ्याचे होणे यांत अंतर आहे, आणि बेने इस्राएलांनी ते दुसरे अधिक साधले, असे मला वाटते.

येथे एक कठीण आक्षेप उभा राहतो आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. रत्नागिरीचा जो मनुष्य कुवेत किंवा कतारमध्ये तीस वर्षे राबतो, त्याचा राहण्याचा परवाना मालकाच्या नोकरीशी बांधलेला असतो, नागरिकत्वाची वाट त्याला जवळजवळ बंदच असते, आणि नोकरी संपली की तीस वर्षांचा रहिवासही संपतो. जी भूमी त्याला आपला म्हणणार नाही, तिचे ऋण त्याने का मानावे? राज्याचे ऋण त्याने मानावे असे मी म्हणणार नाही. त्या राज्याने करारनाम्याइतकेच दिले आणि पुष्कळदा तेवढेही दिले नाही. पण शतपथाने सांगितलेले चौथे ऋण राज्याचे नाहीच. एका खोलीत एकावर एक लावलेल्या खाटांवर जेथे मालवणी, मलबारी, नेपाळी आणि बंगाली निजतात, जेथे नव्याने आलेल्याला पहिला पगार होईपर्यंत जुने लोक जेवू घालतात, आणि कोणी मेला तर त्याचे शव घरी पाठविण्याचा खर्च वर्गणीने उभा करतात, तेथे निवारा आणि अन्न देऊन फिटणारे ते ऋण अक्षरशः फेडले जात असते. या खोल्यांत मला जितका धर्म दिसतो तितका पुष्कळ देवळांत दिसत नाही.

मागे राहिलेल्यांचे ऋण हा या तयारीचा सर्वांत नाजूक भाग होय, आणि समुद्रयात्रेला नावे ठेवणाऱ्या आपल्याच शास्त्राने याविषयी मात्र आश्चर्यकारक सहृदयता दाखविली आहे. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यांनी 1790 च्या सुमारास रचलेला धर्मसिंधु आज घरोघरीच्या पुरोहिताला आधार आहे. अशा धर्मनिबंधांच्या परंपरेचा नियम असा की, देशांतरी असलेल्या पुत्राला आईबापांच्या मृत्यूची वार्ता केव्हाही कळली तरी, ज्या दिवशी ती त्याच्या कानी पडेल त्या दिवसापासून त्याने दहा दिवस सूतक धरावे. अंतराने आणि विलंबाने त्याचे पुत्रत्व कमी होत नाही. जेथे वार्ता पोहोचली तेथेच त्याचे दहा दिवस सुरू होतात. आणि जो गेला व ज्याची वर्षानुवर्षे खबरच आली नाही, त्याची प्रतिमा करून दहन करावे, आणि तो पुढे जिवंत परत आला तर त्याला घृतात स्नान घालून जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करावेत, अशीही तजवीज आहे. परत येणारा मनुष्य गेलेला मनुष्य नसतो, त्याला नव्याने जन्मास यावे लागते, हे त्या विधीत मानलेले आहे. आणि दहा वर्षांनी गावी परतून आपल्याच घरात अवघडून बसणाऱ्या कित्येकांना त्या विधीची गरज आजही आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते.

म्हणून स्टुटगार्टच्या इस्पितळात नोकरीस निघालेल्या मुलीने किंवा मुलाने, व्हिसाचा अर्ज भरला त्याच आठवड्यात आईवडिलांपुढे बसून काही गोष्टी बोलून घ्याव्यात. निघण्याच्या आदल्या रात्री घरात पाहुणे असतात आणि डोळे भरलेले असतात. तेव्हा ही बोलणी होत नाहीत. आपण वेळेवर पोहोचू शकलो नाही तर अग्नी कोणी द्यावा, पुतण्याने की मुलीने, आणि त्याला त्यांची संमती आहे काय. अंत्यविधी आपल्यासाठी थांबवावा की थांबवू नये. दुखणे लांबले तर कोणते उपचार त्यांना हवेत आणि कोणते नकोत. कुलाचार कोणी चालवावा, आणि कोणीच चालविणारा नसेल तर तो देवीची क्षमा मागून थांबवावा की भावकीत द्यावा. तेथे विवाह जमला तर घर त्याला काय म्हणेल. मुखत्यारपत्रात या गोष्टी मावत नाहीत, कोणताही वकील त्या लिहून देत नाही, आणि वडील मंडळी त्या आपण होऊन काढीत नाहीत, कारण मुलाच्या पायांत अडसर घातल्यासारखे होईल अशी त्यांना भीती वाटते. त्या जाणाऱ्यानेच काढाव्या लागतात.